फुंकर

१

आमच्या दुकानात दोनच माणसं आहेत, एक डॉक्टर आणि एक कंपाउंडर. डॉक्टर म्हणजे माझी बायको आणि कंपाउंडर मी. ही नावं गिऱ्हाइकांनी ठेवली आणि आम्ही ती मुकाट्याने घेतली. माझी तक्रार कधीच नव्हती. बिघडलेले कॉम्प्युटर तिने उघडावेत आणि मी केबल गुंडाळत गिऱ्हाइकांशी गप्पा माराव्यात, ही वाटणी लग्नानंतर लगेचच ठरून गेली. उचलली जीभ लावली टाळ्याला, हे माझं भांडवल. बाकी सगळं तिचं.

घराच्याच पुढच्या खोलीत दुकान आहे. खिडकीला लागून लांब टेबल, टेबलावर हिरवी रबरी चटई, भिंतीवर ओळीने लावलेले स्क्रू-ड्रायव्हर. मागच्या दारातून स्वयंपाकघर, तिथून वर जाणारा जिना. सकाळी चहा झाला की ती टेबलाशी बसते आणि पहिल्या मशीनला हात लावण्याआधी नुसती ऐकते. दुसरे लोक लगेच झाकण काढतात. ही मात्र बटण दाबून डोळे मिटते. कुठला पंखा अडखळतोय, कुठली डिस्क कुरकुरतेय, तिला कळतं. मी बाजूला उभा राहून बघत असतो. इतकी वर्षं झाली, पण ते बघायचा मला कंटाळा आलेला नाही. आपल्या माणसाचं काम बघून असं वाटणं हे भाग्य आहे, आणि ते बोलून दाखवायला मला लाज वाटत नाही.

त्या दिवशी गणिताचे सर आले. निवृत्त, उंच, सदऱ्याची वरची गुंडी लावणारे. रिक्षावाल्याच्या मदतीने त्यांनी एक मोठं मशीन आत आणलं. एका बाजूला काच, आत दिव्यांचे पंखे.

"मुलाने घेऊन दिलंय," सर ओशाळून म्हणाले. "आम्हाला कशाला हवेत दिवे? पण आमची ही त्याच्यावर पुस्तकं वाचते. म्हणजे मोठ्याने वाचून रेकॉर्ड करते, ज्यांना दिसत नाही त्यांच्यासाठी. परवापासून बंद आहे."

"बंद म्हणजे कसं?" डॉक्टरने विचारलं.

"दिवे लागतात, पंखे फिरतात, पण पडदा काळा."

डॉक्टर हसली. हे दुखणं तिच्या ओळखीचं होतं. "रॅम असेल. उद्यापर्यंत देते."

"जरा लवकर झालं तर..." सरांनी वाक्य अर्धवटच सोडलं, आणि जाताना दारातून वळून एकदा त्या काचेकडे बघितलं.

२

रॅम म्हणजे बोटभर लांबीची एक पातळ पट्टी. मदरबोर्डवर, म्हणजे आतल्या मुख्य पाटीवर, तिच्यासाठी खाच असते, तिला आम्ही स्लॉट म्हणतो. पट्टी स्लॉटमध्ये नीट बसली नाही की मशीन जागं होतं, पण पडद्यावर काही येत नाही. निम्म्या वेळा पट्टी काढून, तिच्या सोनेरी दातांवर खोडरबर फिरवून, स्लॉटमधली धूळ उडवून परत बसवली की काम होतं.

इथे दोन पट्ट्या होत्या आणि दोन स्लॉट. डॉक्टरने तिच्या पद्धतीने सुरुवात केली. एका वेळी एकच गोष्ट बदलायची, हा तिचा नियम. पहिली पट्टी पहिल्या स्लॉटमध्ये, मग दुसऱ्यात. मग दुसरी पट्टी. मी एकदा घाईत केबल आणि प्लग एकदम बदलले होते, तर जेवेपर्यंत तिने माझ्याशी अबोला धरला होता.

"दुसरा स्लॉट मेलाय," ती म्हणाली. "पहिल्यात धूळ आहे. ब्लोअर दे."

ब्लोअर म्हणजे धूळ उडवायचा रबरी फुगा. मी तो दिला, तिने दाबला, आणि तो शिवणीवर फाटून फस्सकन बसला. मी नवीन शोधायला खणात हात घातला. वळून बघतो तर बाईसाहेबांनी वाकून स्लॉटमध्ये सरळ तोंडाने फुंकर मारली होती.

तोंडाने फुंकर मारायची नाही, ओल जाते, हे ती येणाऱ्या प्रत्येक गिऱ्हाइकाला बजावते. लोकांनी लपून मारलेली फुंकर तिला नुसत्या डागावरून ओळखू येते.

"लोका सांगे ब्रह्मज्ञान," मी म्हणालो.

"गप. एकदाच." तिने दुसरी पट्टी पहिल्या स्लॉटमध्ये दाबली. बारीक टक् आवाज झाला. बटण दाबलं. पंखे फिरले आणि पडदा उजळला.

मी टाळ्या वाजवल्या. नेहमीच वाजवतो. तिने पहिली पट्टी कागदाच्या पाकिटात ठेवली आणि मशीन दुपारभर चालू ठेवायचं ठरवलं. दुरुस्त झालेलं मशीन काही तास चालवून बघितल्याशिवाय ती देत नाही.

३

दुपारी गिऱ्हाईक नव्हतं. ती टेबलाच्या दुसऱ्या टोकाला एका लॅपटॉपची बारीक वायर सोल्डरिंगचा टाका देऊन जोडत होती. मी स्टुलावर बसून काचेतल्या दिव्यांकडे बघत होतो. खरं तर असले दिवे मला आवडत नाहीत, नाकापेक्षा मोती जड. पण हे बरे होते. लाल-हिरवा नाच नव्हता. एकच दुधी निळा उजेड, हळूहळू वाढायचा, हळूहळू उतरायचा. असे दिवे मी पुष्कळ बघितले आहेत. त्यात नवल काही नव्हतं.

मग तो थांबला. अर्ध्यावर, ना पूर्ण ना विझलेला, तसाच उभा राहिला. मला वाटलं, मशीन अडकलं. सांगायला मान वळवली, तर डॉक्टर वायरचं टोक टाक्याशी धरून बसली होती. हात हलू नये म्हणून तिने श्वास रोखला होता. टाका बसला. तिने श्वास सोडला आणि दिवा उतरला.

योगायोग, असं मी स्वतःला सांगितलं. काविळीच्या डोळ्यांना सगळं पिवळं म्हणतात तसं, एकदा शंका आली की सगळीकडे तेच दिसतं. मी मुद्दाम खिडकीबाहेर बघितलं. एक बाई सायकल ढकलत चालली होती. समोरच्या गॅलरीत चादर वाळत होती. परत बघितलं. तिचे खांदे वर आले, उजेड वर आला. खांदे खाली, उजेड खाली. ती खोकली. पाचही पंखे लखकन चमकले.

मी तिला सांगितलं. दुसरी कुणी असती तर किंचाळली असती, किंवा मला वेड्यात काढलं असतं. हिने चिमटा खाली ठेवला आणि तिचा चेहरा एखाद्या मुलीला नवं कोडं मिळावं तसा उजळला.

"आत माइक असेल. आवाजावर नाचणारे पंखे येतात." तिने काच काढली, बॅटरी मारून प्रत्येक कोपरा तपासला. माइक नव्हता. "तू बाहेर जा."

मी स्वयंपाकघरात गेलो. तिने हाक मारली, "अजून तसंच आहे. आता मी जाते, तू बघ."

ती मागच्या दाराने गेली. मी एकटा काचेसमोर उरलो. जिन्यावर तिची पावलं धडधडत वर गेली, धडधडत खाली आली. परत वर, परत खाली. इथे टेबलावर तो उजेड आधी सावकाश होता, मग भरभर वर-खाली व्हायला लागला. ती धापा टाकत दारात आली आणि त्याच लयीत पाच पंखे धापा टाकत होते.

"बघितलंस?" ती हसत होती.

मी काचेपासून दोन पावलं मागे सरकलो होतो. तरीही कबूल करतो, त्या घटकेलाही मी तिच्याकडेच बघत होतो. इतकी निडर बाई माझ्या वाट्याला कशी आली, हे मला आजवर कळलेलं नाही.

४

सरांचा फोन मीच घेतला.

"चालू झालं?" त्यांनी विचारलं.

"झालं, सर. एक स्लॉट गेलाय, पण एका पट्टीवर मस्त चालतंय. काय म्हणतात काकू? त्यांना सांगा, वाचन सुरू करा."

सर अगदी हळू म्हणाले, "चालू होऊनही हिला इकडे काही फरक नाही. म्हणून विचारतो. डॉक्टरबाईंनी तोंडाने फुंकर मारली का?"

मी डॉक्टरकडे बघितलं. फोनचा आवाज मोठा असल्यामुळे तिने ऐकलं होतं. तिने मान हलवली.

"मारली," मी म्हणालो. "का हो, सर?"

"बंद करू नका. मी येईपर्यंत अजिबात बंद करू नका." फोन ठेवला गेला.

५

"कारण सांगितलं का त्यांनी?" डॉक्टरने विचारलं.

"नाही. पण बंद करू नका म्हणाले ना, मग नाही करायचं."

"कोण कुणाच्या मागे चालतंय, हे बघायला नको?" ती खुर्ची ओढून मशीनसमोर बसली. "दिवा माझ्या श्वासामागे चालत असेल तर बंद केल्यावर दिवा जाईल, एवढंच. मी बसेन इथेच श्वास घेत."

"आणि उलट असेल तर?"

"तर तू बटण दाबशील परत. बोट तयार ठेव, कंपाउंडर."

मी नको नको म्हणत होतो. मी तिचा हात धरला. तिने तो हळूच सोडवला, श्वास सोडला आणि बटण दाबून धरलं. उजेड उतरत गेला आणि गेला. पंखे हळूहळू थांबले. खोलीत शांतता झाली, स्वयंपाकघरातल्या नळाचा थेंब ऐकू यायला लागला.

ती ताठ बसली होती. खांदे खाली गेले होते, ते वर आले नाहीत. मी तिच्या छातीकडे बघत राहिलो, गळ्याच्या खळगीकडे बघत राहिलो. काही हललं नाही. मी बटणाकडे झेपावलो तर तिने एक बोट वर केलं. थांब. तिने स्वतःची नाडी धरली आणि मान डोलावली, म्हणजे ती चालू होती. नाकासमोर तळहात धरला आणि भुवया उंचावल्या. डोळे लखलखीत, त्यात भीतीचा मागमूस नाही. मी मात्र घामाने निथळत होतो आणि माझाच श्वास मला दुकानभर ऐकू येत होता.

शेवटी तिने बटणाकडे बोट दाखवलं. मी दाबलं. उजेड वर आला, आणि तिने पाण्यातून वर आल्यासारखा श्वास घेतला.

"कमाल आहे!" ती म्हणाली. "जीव घुसमटेल असं वाटलं होतं. काही म्हणजे काही त्रास नाही. नुसतं आतून कुणीतरी दार लावून घेतल्यासारखं शांत."

"पुरे झालं आता," मी म्हणालो.

तिने माझ्या गालावर हात ठेवला. "घाबरलास ना? चुकलं माझं. पण आता कळलं की नाही?"

६

सर आले ते दारातच उभे राहिले. काचेतला दिवा आणि डॉक्टरचे खांदे त्यांनी एकदाच बघितले, आणि खाली बसले.

"मी न्यायला नाही आलो," ते म्हणाले. "तुम्ही माझ्या मुलीसारख्या. हे इथेच राहू दे. फक्त कधी वीज जाऊ देऊ नका, एवढं सांगायला आलो."

"आणि घरी काकू?" डॉक्टरने विचारलं.

"परवापासून तशीच. बसते, उठते, फोन उचलते. त्रास काही नाही, असं लिहून दाखवते. पण बोलायला श्वास लागतो हो. अख्खं आयुष्य वाचण्यात गेलं तिचं. काल माइकसमोर पुस्तक उघडून बसली होती नुसती." सरांनी मान फिरवली. "आमच्याकडे हे असं कधीपासून होतं ते विचारू नका. एकदा मशीन बंद पडलं होतं, हिने झाकण काढून फुंकर मारली. सगळेच मारतात."

मग डॉक्टरने कागदाचं पाकीट उघडलं आणि पहिली पट्टी तळहातावर घेतली.

"काकूंनी फुंकर मारली तेव्हा या स्लॉटमध्ये ही होती ना? ही त्यांची. आता आत आहे ती दुसरी, माझी. स्लॉट मात्र एकच चालतोय."

तिच्या मनात काय आहे ते मला कळलं. "बोर्ड बदलू," मी म्हणालो. "दोन्ही स्लॉटचा नवा बोर्ड मागवू. मग दोघी..."

"मागवायचाच. पण पाचही पंखे या बोर्डाला आहेत. नव्या बोर्डावर हे चालेल का, माहीत नाही. आणि तो येईपर्यंत?"

"तोवर एक दिवस आपला, एक दिवस त्यांचा!"

तिने मला जवळ बोलावून स्लॉट दाखवला. टोकाची पकड भेगाळली होती, आतल्या तारा वाकल्या होत्या. "अजून एकदाच बसेल. काढघाल करत राहिलो तर हाही जाईल. मग दोघीही गेलो. एकदाच ठरवायचंय."

"मग तू ठेव!" मी ओरडलो. सरांसमोर ओरडलो, आणि मला त्याची खंत नाही. "तुझी पट्टी आत आहे, तीच राहू दे!"

सरही घाईने म्हणाले, "बरोबर बोलताहेत ते."

डॉक्टर आमच्या दोघांकडे बघत होती. तिच्या चेहऱ्यावर रोजचाच भाव होता, टेबलावर मशीन असताना असतो तो. "सर, हे मशीन काकूंचं आहे," ती म्हणाली. "दुरुस्तीला आलं होतं. माझी फुंकर त्यात गेली ही माझी चूक. गिऱ्हाइकाच्या मशीनमध्ये आपली वस्तू राहिली तर आपण काढून घेतो ना?"

मग ती माझ्याकडे वळली. तिने एक खोल श्वास घेतला, आणि उजेड इतका वर गेला की काचेवर आमच्या तिघांचे चेहरे उमटले. "घाबरू नकोस. बोर्ड मागव. तोवर तू बोल, मी ऐकते."

तिने बटण बंद केलं, वायर काढली. तिचे हात इतके स्थिर मी कधी बघितले नव्हते, आणि तिच्या हातांचं मी आयुष्यभर कौतुक केलंय. दुसरी पट्टी अलगद बाहेर आली. पहिली तिने दोन्ही अंगठ्यांनी, भेगेला धक्का न लावता, तसूतसूने दाबली. टक्.

बटण मला दाबायला लावलं. मी दाबलं.

पंखे फिरले. दिवा काळाच राहिला. मग अगदी तळातून एक पिवळसर उजेड वर आला, थरथरत, आणि काच आतून धुकट झाली. धुकं मावळलं, परत आलं. मागच्या पंख्यातून ऊबदार, ओलसर हवा माझ्या मनगटावर आली. तिला लवंगेचा वास होता.

"ही लवंग चघळते," सर कुजबुजले. त्यांनी घरी फोन लावला. पलीकडे कुणीतरी तो उचलला. आधी फक्त एक लांब श्वास ऐकू आला, दिव्याच्या बरोबरीने. मग बाईचा आवाज, घोगरा पण खणखणीत.

"अहो, चष्मा घरीच विसरून गेलात."

सरांनी डोळ्यांना हात लावला आणि ते रडायला लागले. डॉक्टर त्यांच्या पाठीवर हात फिरवत उभी होती. ती हसत होती. तिचे खांदे खाली होते.

७

मशीन आम्ही सरांच्या घरी पोचवलं. रस्त्यात ते बंद होतं तेवढा वेळ काकू श्वासाविना थांबल्या. घरी जोडल्यावर स्लॉट टिकला. काकूंनी माझ्या बायकोला मिठी मारली आणि काय काय बोलत राहिल्या. हिने फक्त त्यांचे हात धरले.

बोर्ड आला. दोन्ही स्लॉट उत्तम. दिव्यांचे पंखेही तसेच मिळवले, त्याच बनावटीचे. तिची पट्टी बसवली. उजेड वाढला, उतरला, वाढला, उतरला, आणि माझा जीव भांड्यात पडणार तोच लक्षात आलं की तो नुसता घड्याळासारखा चालतोय. त्याला तिच्याशी देणंघेणं नव्हतं.

तेव्हापासून मी शोधतोय. आता टेबलाशी मी बसतो आणि ती शेजारच्या स्टुलावर. पंखा बदलून बघतो, वायर बदलून बघतो. चुकलो की ती बोटाने टेबलावर टकटक करते. लिहायचा तिला पहिल्यापासून आळस, त्यामुळे फार तर एखादा शब्द लिहून दाखवते. गिऱ्हाइकांना मी सांगितलंय, डॉक्टरांचा घसा बसलाय. ती दुरुस्त्या करतेच, पूर्वीपेक्षा सफाईने. बारीक टाक्याला आता तिला काहीच रोखून धरावं लागत नाही.

रात्री मी तिच्या नाकाशी हात नेत नाही. पहिल्या दिवशी नेला होता, परत नेणार नाही. तिचा हात ऊबदार असतो, तो धरून झोपतो.

आणि दिवसभर मी बोलतो. तिने सांगितलं होतं म्हणून, आणि मला दुसरं काय येतं म्हणून. गल्लीतल्या बातम्या सांगतो, गिऱ्हाइकांच्या नकला करतो, माझ्याच फजित्या रंगवून सांगतो. काल एका गृहस्थाने माउस उलटा धरून तो बिघडलाय म्हणून आणला होता. त्याची नक्कल मी हुबेहूब केली. ती हातातलं काम सोडून, डोळ्यांत पाणी येईपर्यंत, टेबलावर हात आपटत हसली. नळाचा थेंब तेवढा ऐकू येत होता.